अडीच फुटांची भिंत

चांगदेव मिस्त्रीने जेवढ्या जुन्या भिंती पाडल्या, तेवढ्या पावसानेही पाडल्या नसतील. लोणीच्या आसपास कुणाचं घर उतरवायचं ठरलं की आधी त्याला निरोप जायचा. तो यायचा, भिंतीवर थापीचा दांडा आपटायचा, विटांमधला पडलेला चुना ओंजळीत घ्यायचा आणि घरमालकाच्या देखत तो खाली सोडायचा. मग ठरलेलं वाक्य म्हणायचा, की ह्यात काय राम न्हाई, नुसती जागा खाती, पाडा आणि नऊ इंची घ्या, वर स्लॅब टाकू. घरमालकाला तेच ऐकायचं असायचं. गावात पहिला स्लॅब पडला की दुसऱ्याला आपलं कौलारू घर एकाएकी गरीब दिसायला लागतं, आणि नव्वद सालानंतर आंबेगाव तालुक्यात स्लॅब पडत नव्हता असा महिना नव्हता.

माणूस वाईट नव्हता. हात चांगला होता, ओळंबा चुकायचा नाही, आणि जे तो दुसऱ्याला सांगत होता तेच त्याने स्वतःही केलं. शहाण्णव साली बाभूळवाडीत, गावठाणाच्या बोळात, बापाचं मातीचं घर उतरवून त्याने त्याच जागेवर दोन खोल्या बांधल्या. वाडीतलं ते पहिलं स्लॅबचं घर. लोक चप्पल काढून गच्चीवर चढले आणि खालची आपली कौलं बघून उतरले. चांगदेव त्या दिवशी फार खुशीत होता.

पुढच्या वर्षी त्याच घरात अक्षदा जन्मली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्या खुशीचा निकाल लागला.

पोरीला दुपारी ताप यायचा. सकाळी हसतखेळत असायची आणि बारा वाजले की अंग भाजायला लागायचं. संध्याकाळनंतर ताप उतरायचा. मंचरच्या डॉक्टरांनी मलेरियाचं औषध दिलं, मग विषमज्वराचं, मग रक्त वाढायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात तिला झटके आले तेव्हा शीलाने, चांगदेवच्या बायकोने, कुणाला न विचारता पोर उचलली आणि पुण्याची एस्टी धरली. चांगदेव मागून पळत गेला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी पोरीचा तळहात भिंगाखाली धरला, बराच वेळ बघितला, आणि विचारलं, की हिला कधी घाम आलेला बघितलाय का. नवरा-बायको दोघंही आठवून बघायला लागले. एवढ्या दिवसांत हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. पोरीच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नव्हत्या. केस विरळ होते, कातडी कोरडी होती, ते सगळं त्यातलंच. बाईंनी समजावून सांगितलं, की आपलं अंग तापलं की घाम येतो आणि ते निवतं, हिचं निवत नाही, बाहेर जेवढं तापेल तेवढं हिचं अंग तापणार. औषध काय, असं चांगदेवने विचारलं.

"औषध नाही," बाई म्हणाल्या. "गारव्यात ठेवा. ताप चढला की अंग ओलं करा. बाकी पोरगी छान आहे तुमची, हुशार होईल. फक्त उन्हाळा तिला सोसणार नाही."

त्यांनी भिंतीला अडकवायचं एक थर्मामीटर घ्यायला लावलं आणि सांगितलं, पारा तेहेतीसच्या वर गेला की सावध राहा. चांगदेवने ते घरात खिळ्याला अडकवलं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पारा एकेचाळीसवर होता. संध्याकाळी आठला, बाहेर वारं सुटल्यावरसुद्धा, छत्तीसवर. दिवसभर तापलेला स्लॅब भाकरीच्या तव्यासारखा वरून शेक देत होता. पंखा तीच गरम हवा फिरवायचा, आणि तोही लाईट असली तर. ज्या घराने त्याला वाडीत मान दिला होता, त्याच घरात त्याची पोरगी दिवसेंदिवस ओल्या फडक्यात गुंडाळून पडलेली असायची.

गारव्यात ठेवा म्हणजे कुठे ठेवा, ते शोधलं शीलाने, तेही अजाणता.

त्याच मे महिन्यात वाडीत एक लग्न होतं आणि नवऱ्याकडच्यांचा जानवसा शाळेत दिला होता. शीला तिथे चपात्या लाटायला गेली. पोरीला तिने शाळेच्या पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या खोलीत फरशीवर निजवलं, आणि चपात्यांच्या नादात दुपार कधी झाली ते तिला कळलंच नाही. मग एकदम पोर ध्यानात आली तशी धावत गेली. पोर जागी होती, फरशीवर हात आपटत खेळत होती. अंग गार. शीलाने तिचं कपाळ, पोट, पाय, सगळं चाचपलं आणि ती तिथेच भिंतीला टेकून रडत बसली. लग्नातल्या बायकांना वाटलं, हिला माहेरची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी चांगदेव थर्मामीटर घेऊन त्या खोलीत गेला. दुपारी दोनला पारा तीसवर होता. त्याने काच पुसली, पुन्हा बघितलं. तीसच.

ती शाळा म्हणजे पूर्वीचा साहेबाचा बंगला. इंग्रजाच्या काळात सडकेच्या कामावरचा कुणी साहेब दौऱ्यावर आला की उतरायचा, म्हणून बांधलेला. स्वातंत्र्यानंतर तो शाळेला मिळाला. चार खोल्या, वर मंगलोरी कौलं, कौलांखाली सागवानी फळ्यांची तक्तपोशी, आणि भिंती अडीच फूट जाडीच्या, भरीव विटांच्या, बैलाच्या घाण्यात मळलेल्या चुन्याच्या. पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती. वर आढ्याखाली हातभर लांबीचे दोन झरोके, बस्स. चांगदेव त्या शाळेत चौथीपर्यंत शिकला होता, आणि मोठेपणी दोनतीन वेळा त्या भिंतीकडे बघून म्हणालाही होता, की ही उतरवली तर निम्म्या गावाचा पाया भरून निघेल.

आता तो त्या भिंतीला हात लावून उभा राहिला. बाहेरून भिंत हात ठेववत नव्हता एवढी तापलेली, आतून माठासारखी गार. गवंडी माणूस, त्याला कोडं उलगडायला वेळ लागला नाही. एवढ्या विटा पार करायच्या म्हणजे उन्हाला घाई करून चालत नाही. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत दिवस मावळतो, आणि ते आत पोचतं तेव्हा बाहेर गार वारं सुटलेलं असतं. तेव्हा दारं-झरोके उघडले की आलेली ऊब निघून जाते. सकाळी आठच्या आत सगळं बंद केलं की कालचा गारवा आज पुरतो. त्याने पाडलेल्या प्रत्येक घराची भिंत हेच काम करत होती, आणि त्याने ती घमेल्यात भरून ओढ्यात टाकली होती. त्याला त्या वेळी फार लाज वाटली. पण ती त्याने कुणाला बोलून दाखवली नाही. तिथेच चुकलं.

हेडमास्तर भले होते. त्यांनी खोलीची एक किल्ली शीलाकडे दिली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात हाच नेम. दिवेलागणीला शीला जाऊन दार आणि झरोके उघडायची, सकाळी आठच्या आत बंद करायची. अक्षदा दुपारभर त्या खोलीत. लहान होती तेव्हा आईबरोबर, शाळेत जायला लागल्यावर एकटी, भिंतीतल्या कोनाड्यात पाटी-दप्तर ठेवून, भिंतीला पाठ लावून वाचत. आठ उन्हाळे तिला एकदाही झटका आला नाही.

चांगदेवला कुणी म्हणेल, अरे तू गवंडी, घरीच बांध की तसली खोली. त्याने मोजून बघितलं होतं. घराला लागून बोळात उरलेली जागा सात फुटी. दोन्ही अंगांना अडीच-अडीच फूट भिंत घेतली तर मधे कपाटाएवढी जागा उरत होती, आणि त्यात कपाटच ठेवता आलं असतं, पोरगी नाही. रानात बांधावं तर रान नव्हतं. जाऊ द्या, शाळा आहे ना, असं दोघांनी ठरवलं. साहेबाचा बंगला कुठे जातोय.

घामाची गोष्ट मात्र दोघांनी दाबून ठेवली. पोरीची जात. उद्या तिचं लग्न व्हायचं. विचारणाऱ्याला सांगायचे, उष्णतेचं अंग आहे, ऊन बाधतं.

दोन हजार पाच सालच्या पावसाळ्यात पोपटलाल शेठ वाडीत आले. मारवाडातून कधीकाळी आलेलं घर, पण शेठ जन्मले लोणीत आणि शिकले बाभूळवाडीच्या याच शाळेत, कारण तेव्हा त्यांच्या वडलांचं किराणा दुकान वाडीच्या नाक्यावर होतं. आता मंचरला मोठा कारभार होता. त्यांच्या पत्नी कस्तुरबाई त्या वर्षी वारल्या होत्या. त्यांच्या नावाने आपल्या शाळेला नवी इमारत बांधून द्यायची, असं शेठच्या मनात आलं. मुलगा जिनेश नुकताच इंजिनिअर झाला होता, नकाशा तोच काढणार होता. वाडीला आनंद मावेना. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय आला तेव्हा टाळ्या थांबेनात.

चांगदेव मागे खांबाला टेकून बसला होता. जुनी इमारत पाडायची म्हटल्यावर सरपंच गेणभाऊंनी हसून त्याच्याकडेच बोट दाखवलं, की मिस्त्री आहेतच, त्यांचा हात बसलाय. सगळे हसले. चांगदेव उभा राहिला. त्याच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक पोरीची, एक भिंतीची. भिंतीची गोष्ट सांगायची तर आधी हे सांगावं लागणार होतं, की पंधरा वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगत आलो. समोर बसलेल्या निम्म्या लोकांची घरं त्याने पाडली होती. त्याला ते जमलं नाही. मग त्याने दुसरी सांगितली.

"माझ्या पोरीला घाम येत न्हाई," तो म्हणाला. "उन्हाळ्यात ती त्या कोपऱ्यातल्या खोलीत असती. म्हणून वाचलीया. ती एक खोली तेवढी ऱ्हाऊ द्या."

बायकांमध्ये बसलेल्या शीलाने पदर तोंडाला लावला. मग गेणभाऊ उठले, येऊन त्यांनी चांगदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आठ वर्सं एकट्यानं सोसलंस होय रं. पुढे बसलेल्या पोपटशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथल्या तिथे ठरलं. तीन खोल्या पाडायच्या, कोपऱ्यातली खोली ठेवायची, आणि ती अक्षदाची. घरी जाताना चांगदेवला वाटलं, उगाच एवढी वर्षं लपवलं, गाव किती चांगलं आहे. आणि गाव खरंच चांगलं होतं. पुढे जे झालं ते वाईट माणसांनी केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

हिवाळ्यात चांगदेवला जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या पायथ्याला यात्रेकरूंच्या निवासाचं काम लागलं. माघातल्या गणेशजन्माच्या आत ते पुरं करायचं होतं, म्हणून तो तिकडेच राहिला. संक्रांतीला घरी आला तेव्हा तीन खोल्या उतरल्या होत्या, नव्या इमारतीचे कॉलम उभे राहिले होते, आणि कोपऱ्यातली खोली आपली जिथल्या तिथे होती. तो निश्चिंत परत गेला.

माघ लागता लागता मुकादमाच्या मोबाईलवर शीलाचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. चांगदेवला एवढंच कळलं, की पोरगी बरी आहे, पण खोली.

जुन्नरहून नारायणगाव, तिथून मंचर, तिथून लोणीची एस्टी. तो शाळेपाशी उतरला तेव्हा दुपार झाली होती. खोलीवरची कौलं नव्हती. तिथे कोरे पत्रे चकाकत होते. तक्तपोशीच्या फळ्या सुताराने कापून नव्या इमारतीच्या सेंटरिंगला लावल्या होत्या. पश्चिमेच्या भिंतीला पाच-पाच फुटांच्या दोन खिडक्या फोडल्या होत्या, आणि त्यांतून आलेलं ऊन फरशीभर पसरलं होतं. आतला चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचं गुळगुळीत प्लॅस्टर केलेलं, कोनाडे बुजवलेले, छताला नवा पंखा. वाडीतली वीसेक पोरं अंगभर धुळीने माखून उभी होती. त्यांनी आठ दिवस श्रमदान केलं होतं, पैसा न घेता. जिनेश सगळ्यांत पुढे, शेजारी गेणभाऊ.

शीलाने त्याला हळूच सांगितलं, की पहिली पहार पडली तेव्हाच ती धावत आली होती. नका फोडू म्हणून हात जोडले होते. पोरं हसून म्हणाली, वैनी, पोरीला हवा नको का, उन्हाळ्याचं वारं पश्चिमेचंच असतं. तिला त्यांना समजावता आलं नाही. तिला गारवा ठाऊक होता, पण तो कुठून येतो ते शब्दांत सांगणं तिच्याच्यानं झालं नाही, आणि ज्याला ते सांगता आलं असतं तो जुन्नरला होता. मुकादमाचा नंबर मिळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

जिनेशने मोठ्या उत्साहाने चांगदेवला आत नेलं. हवा खेळती राहायला समोरासमोर उघडी जागा लागते, खोली अगदी कोंदट होती, अंधारी होती, इथे मुलगी आठ उन्हाळे कशी राहिली असेल याचं वाईट वाटलं, असं तो मनापासून सांगत होता. चांगदेव खिडकीपाशी गेला. फोडलेल्या भिंतीची जाडी तिथे उघडी पडली होती. एकावर एक, एकाला लागून एक, विटाच विटा. त्यावर त्याने हात फिरवला.

"जिनेशशेठ, गारवा ह्या भिंतीत व्हता," तो म्हणाला. "आन् वरच्या फळ्यांत. ऊन आत येत नव्हतं, म्हणून गार व्हती खोली."

जिनेशने वर पत्र्याकडे बघितलं. हुशार मुलगा होता, त्याला लगेच कळलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. तो अगदी हळू म्हणाला, "मग सभेत तुम्ही भिंतीचं का नाही सांगितलं, मिस्त्री?"

उत्तर दिलं गेणभाऊंनी, आणि तेही रागाने नाही, चेष्टेने, त्याला जरा हसवावं म्हणून.

"त्यो कसा सांगंल? माझं घर पाडताना हाच म्हणला व्हता, ह्या भिंतींत काय राम न्हाई."

पोरं हसली. चांगदेवही हसल्यासारखा झाला. दुसरं काय करणार? तोंडात कुणी मारली असती तर बरं, असं त्याला झालं.

पाडलेलं परत चढवता येत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं. कौलं उतरवताना निम्मी फुटली होती, फळ्या कापल्या होत्या, चुना मळणारा माणूस तालुक्यात उरला नव्हता. तरी त्याने गेणभाऊंना घरी जाऊन विचारलं, की निदान त्या दोन खिडक्या बुजवतो, माझ्या हाताने, माझ्या विटांनी. गेणभाऊंचा चेहरा पडला. शेठने बायकोच्या नावाने दिल्यात खिडक्या, ते म्हणाले, आठ दिवसांत बुजवल्या तर गावाचं तोंड कुठं राहील, पोरांनी अंग मोडून काम केलंय, उन्हाळा तर येऊ दे, कदाचित वारं लागेलही. यात खोटं काही नव्हतं. चांगदेव चहा पिऊन परत आला.

मार्च लागला तसा पारा चढायला लागला. शीलाने नेम सोडला नव्हता, संध्याकाळी उघडायची, सकाळी बंद करायची. पण आता बंद करायला उरलं होतं काय? पत्रा नऊ वाजताच कडाडायचा. चांगदेवने खिडक्यांना ओली पोती लावली, पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं. दुपारी पारा छत्तीसवर थांबला. ओल्या टॉवेलावर चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी हेडमास्तर ओशाळून म्हणाले, की पाडव्याला उद्घाटन आहे, शेठ येणार, फोटो निघणार, तेवढी पोती आणि पाचट काढून घ्या. चांगदेवने काढून घेतलं.

पाडव्याला सकाळी दहाची वेळ होती, पण आमदारांच्या गाडीची वाट बघण्यात साडेबारा झाले, आणि ते आलेच नाहीत. नव्या इमारतीची फीत शेठने कापली. मग सगळे कोपऱ्यातल्या खोलीकडे आले. दाराशेजारी संगमरवरी पाटी होती, वर कस्तुरबाईंचं नाव आणि खाली ‘चि. अक्षदाची खोली’. तिथली फीत अक्षदाने कापायची होती. शीलाने तिला ओल्या टॉवेलात गुंडाळून सावलीत बसवलं होतं. टॉवेल काढून, नवा फ्रॉक सारखा करून तिला पुढे नेलं. पन्नास माणसं खोलीत शिरली. लाईट गेलेली होती, नवा पंखा नुसता लटकत होता.

शेठ बोलायला उभे राहिले. भाषण त्यांनी लिहून आणलं होतं, पण ते खिशातच राहिलं. मी याच खोलीत शिकलो, ते म्हणाले, उन्हातून चालत यायचो आणि या भिंतीला पाठ लावून बसायचो, इतकी थंडगार असायची की डुलकी लागायची आणि गुरुजी कान धरायचे. बोलता बोलता ते दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला. ठेवला आणि ते थांबले. हात उचलून दुसरीकडे ठेवला. मग मुलाकडे बघितलं. जिनेश खाली बघत होता.

"वय झालं," शेठ म्हणाले. "माझाच हात गरम झाला असेल." आणि त्यांनी भाषण तिथेच संपवलं.

कुणीतरी अक्षदाला विचारलं, काय गं, हवा कशी येते. तिने आईकडे बघितलं, मग शेठकडे. आठ-नऊ वर्षांची पोर, तिला कळत होतं की एवढी माणसं आपल्यासाठी जमली आहेत.

"छान येती," ती म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगदेवने पुढे होऊन तिच्या मानेला हात लावला आणि तिला तशीच उचलली. माणसांकडे वाट मागत तो तिला हौदापाशी घेऊन गेला आणि नव्या फ्रॉकसकट तिच्यावर बादल्या ओतायला लागला. तिथेच तिला झटका आला. आठ वर्षांनी पहिला. मंचरच्या दवाखान्यात शेठच्याच गाडीतून नेलं, शेठ रात्रीपर्यंत बाकावर बसून राहिले. पोरगी वाचली. पण डॉक्टरांनी चांगदेवला बाजूला घेऊन सांगितलं, आता एप्रिल-मे पुढे आहे, हिला इथे ठेवू नका.

डिंभ्याला चांगदेवची थोरली बहीण प्रयागबाई होती. धरणाच्या पाण्याजवळ घर, वर डोंगर, दारात आंब्याची दाट सावली, आणि कुडाच्या भिंतींवर अजून गवती छप्पर, कारण चांगदेवने दोनदा सांगूनही तिने स्लॅब टाकला नव्हता. तिचा निरोप आला, की पोरगी माझ्याकडं धाडा, हिथल्याच शाळेत नाव लिवू. उन्हाळ्यापुरतं, असं शीला म्हणत राहिली. पण नाव लिहायचं म्हणजे उन्हाळ्यापुरतं नाही, हे दोघांनाही कळत होतं. एस्टीचा भरवसा नाही, दोन गाड्या बदलायच्या, चांगदेवला रोज कामावर जायचं. पोरगी आता सणावारी भेटणार.

गावात बोलणं व्हायचं ते झालं. एवढी खोली बांधून दिली, पाटीवर नाव घातलं, आणि पोरगी दिली पाठवून. माणसाला केल्याची जाण नसते, असं कुणीतरी पारावर म्हणालं. चांगदेवने ते ऐकलं आणि तो पुढे गेला.

जायच्या दिवशी पहिली एस्टी साडेसातची होती. शीलाने पोरीची पिशवी भरली, वर ओला टॉवेल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. नाक्यावर जाताना अक्षदा म्हणाली, माझी पाटी राहिली शाळेत. चांगदेव तिच्याबरोबर गेला. त्याने कुलूप उघडलं. कोनाडे बुजवलेले, पाटी कुठेतरी खाली शाळेच्या जुन्या जड कपाटामागे गेलेली. ती काढायला अक्षदा कपाट आणि भिंत यांच्या फटीत शिरली. तिथे गवंड्याचा हात पोचला नव्हता, हातभर जागेत प्लॅस्टर राहून गेलं होतं आणि जुनी वीट उघडी होती. अक्षदाने तिला गाल लावला. मग तिने आतून हाक मारली.

"पप्पा, हिथं अजून गार हाय. हात लावून बघा."

चांगदेवने फटीतून हात घातला. वीट गार होती. त्याने दुसरा हात नव्या प्लॅस्टरवर ठेवला, तेही गारच होतं. सकाळी सात वाजता सगळ्याच भिंती गार असतात. त्याच्या घराचा स्लॅबही आत्ता गार असणार, आणि हौदाशेजारच्या मुतारीचा पत्राही.

"हाय ना गार?" तिने विचारलं.

"हाय," तो म्हणाला.

"मग मी हिथंच बसती की. हलणार न्हाई. मला कशाला पाठवताय?"

पंधरा वर्षं तो लोकांना भिंतींचं सांगत आला होता. आता सांगायला त्याच्याजवळ सगळं खरं होतं, आणि ऐकायला समोर पोटची पोर होती. नाक्यावरून एस्टीचा हॉर्न आला. त्याने खाली वाकून तिचा हात धरला, तिला फटीतून बाहेर ओढलं, आणि दाराला कुलूप लावलं.